परंड्याहून गेलेली तोफ

भूम तालुक्यातल्या ईट गावाच्या दोन्ही अंगांना तोफांचा इतिहास आहे. पश्चिमेला खर्डा. ११ मार्च १७९५ रोजी तिथे मराठे आणि हैदराबादचा निजाम भिडले, तेव्हा शिंद्यांची कवायती पलटणं पेरोंच्या हाताखाली होती आणि निजामाची रेमाँच्या. दोघेही फ्रेंच. रात्रीतून निजामाची फौज मागे हटली आणि खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडली गेली. दक्षिणेला परंडा. तिथला भुईकोट खर्ड्याच्या लढाईहून कितीतरी जुना, आणि तोफांच्या बाबतीत त्याच्या तोडीचे किल्ले महाराष्ट्रात थोडेच.

हत्यारांचे शौकीन जगभर असतात. कुणी शिकारी बंदुकीवर जीव टाकतो, कुणी नेमबाजीच्या रायफलीवर. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक घरात ठेवता येत नाही. त्यामुळे ज्याला हत्याराच्या बनावटीचीच ओढ आहे, त्याची पावलं आपसूक किल्ल्याकडे वळतात. बुरुजावरची तोफ कुणालाही जवळून पाहता येते, तिला हात लावता येतो, तिच्या तोंडात डोकावता येतं. धाराशिव, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात असे तोफवेडे भेटतात. पाठपिशवीत मोजपट्टी आणि विजेरी असतेच. तोफ दिसली की आधी बोटाच्या पेराने टिचकी. ठणठणली तर ओतीव, बद्द वाजली तर लोखंडी पट्ट्यांवर कडी ठोकून बांधलेली. मग कान तपासायचा, म्हणजे बत्तीचं भोक. त्यात खिळा ठोकलेला असेल तर समजायचं, शत्रूने तिला जाता जाता निकामी करून ठेवली आहे.

प्रत्येकाची आवड वेगळी. देवगिरीची मेंढा तोफ आवडणारे पुष्कळ. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे आणि ती मधल्या खुंट्यावर गोल फिरते. जंजिऱ्याची कलाल बांगडी आवडणारे तिच्या पल्ल्याच्या गोष्टी रंगवून सांगतात. नळदुर्गच्या उपळ्या बुरुजावर हत्ती तोफ आणि मगर तोफ आहेत. तो बुरूज चढताना दम लागतो, पण वर पोचल्यावर एवढी धूडं इथवर चढवली कशी, या एकाच प्रश्नात तास निघून जातो. विजापूरच्या उपळी बुरुजावर लंबचरी आहे, तीस फुटांहून लांब, लोखंडी पट्ट्या जोडून केलेली.

पण परंड्याच्या परिसरात सगळ्यात लाडकी तोफ परंड्यात नाहीच. ती १६३२ साली विजापूरला गेली. मलिक-ए-मैदान, मुलूखमैदान.

परंड्याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. परंपरा किल्ल्याचं श्रेय बहामनी वजीर महमूद गावानला देते. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेलं, तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला इथेच गादीवर बसवलं आणि परंडा काही काळ राजधानी झाला. पुढे मोगलांनी वेढे घातले, आदिलशाहीने किल्ला मिळवला, शेवटी तो औरंगजेबाकडे गेला. या धामधुमीत निजामशाहीच्या उत्तम तोफा परंड्यात येऊन साठल्या होत्या, आणि ही त्यांची राणी.

ती ओतली गेली अहमदनगरला, हिजरी ९५६ म्हणजे १५४९ साली, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत. ओतणारा महंमद, रूमी म्हणून ओळखला जाणारा. तुर्कांच्या मुलखातून आलेल्या कारागिराला तेव्हा दख्खनमध्ये हेच नाव लागायचं. त्याने आपलं नाव तोफेवर कोरून ठेवलं आहे. राजाच्या नावाशेजारी कारागिराचं नाव! या मातीत देवळं बांधणाऱ्या किती हातांना ही जागा मिळाली? रूमीबद्दल बाकी फारशी माहिती उरलेली नाही. पण त्याचं काम समोर आहे, आणि ते पाहिलं की हा माणूस किती धाडसी होता ते कळतं.

तोफ साधारण साडेचौदा फूट लांब. तोंडाशी बाहेरचा व्यास जवळजवळ पाच फूट, आतला दोन फूट चार इंच. म्हणजे नळ्याची भिंतच सव्वा फुटाहून जाड. वजन सुमारे ५५ टन सांगितलं जातं. आतल्या मापाचा काळ्या पाषाणाचा गोळा केला तर एकटा गोळाच साडेचारशे किलोंच्या वर भरेल. तोंडाला सिंहासारख्या अक्राळविक्राळ श्वापदाचा जबडा आहे आणि दोन्ही बाजूंना दातांमध्ये एकेक छोटा हत्ती सापडलेला आहे. कारागिराने हत्तीची सोंडही सोडलेली नाही. शत्रूला हा जबडा दुरून दिसणार, पण त्या दातांतला हत्ती दिसणार कुणाला? जवळ उभं राहणाऱ्या गोलंदाजाला. रूमीने तो आपल्याच माणसांसाठी घडवला असावा.

खरी गंमत धातूत आहे. पूर्वी झालेल्या पृथक्करणात तांबं सुमारे ८० टक्के आणि कथील सुमारे २० टक्के निघालं. युरोपात तोफेच्या धातूत कथील साधारण दहा टक्के घालत. वीस टक्के म्हणजे आपलं कासं. तळपायाला तेल लावून जी वाटी घासतात, तीच जात. कासं कठीण असतं, सुरेख वाजतं, पण ठिसूळ असतं. काशाचं ताट हातातून पडलं की तडा जातो, हे घराघरांत माहीत असतं. अशा धातूची तोफ करायची म्हणजे दर बाराला फुटण्याची भीती. रूमीने तिला उत्तर दिलं ते भिंतीच्या जाडीने. म्हणूनच ही तोफ लांबीला बेताची आणि अंगाने अशी आडमाप. आणि म्हणूनच तिच्या अंगावर हाताने थाप मारली तरी ती देवळातल्या घंटेसारखी घुमते. तोफवेड्यांचा जीव तिच्यात अडकतो तो मुख्यतः या आवाजासाठी.

ओतकामाची कल्पना एखाद्या ओतारी कामगारालाच नीट येईल. एवढा रस एका भट्टीत मावत नाही. अनेक भट्ट्या एकाच वेळी पेटवायच्या, सगळ्यांतला रस एकाच वेळी तयार व्हायला हवा, आणि फोडल्यावर पन्हाळ्यांतून तो जमिनीत पुरलेल्या साच्यात अखंड जायला हवा. मध्येच धार तुटली तर आधीचा थर घट्ट होऊ लागतो आणि तिथे जोड राहतो. त्या जोडावर पहिल्याच बाराला तोफ फुटते. मधला मातीचा गाभा रसाच्या दाबाने केसभर सरकला तरी नळा एका बाजूने पातळ. पावसाळी हवेत साच्यात ओल राहिली तर वाफेचा स्फोट. १४६४ साली तुर्कांनी केलेली दार्दानेल्सची तोफ आज इंग्लंडमध्ये आहे. ती दोन तुकड्यांत ओतून आट्यांनी जोडलेली आहे आणि वजनाला सुमारे १७ टन भरते. मॉस्कोची १५८६ची झारची तोफ चाळीस टनांच्या आसपास. त्या दोन्हींच्या मधल्या काळात नगरमध्ये दोन्हींहून जड तोफ उभी राहिली. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी २००८ साली भारतीय तोफांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यानंतर तरी हे कर्तृत्व शाळेच्या पुस्तकात यायला हवं होतं.

१५६५च्या तालिकोटच्या लढाईत ती होती असं मानतात. नंतर परंडा. आणि १६३२मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव तिला विजापूरला घेऊन गेला.

परंडा ते विजापूर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून जास्त. वाटेत सीना, मग भीमा. बाकी सगळी काळी माती, जी चिमूटभर पाऊस पडला की बैलगाडीचं चाकही सोडत नाही. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. चारशे बैल एका ओढीत लावणं म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या गाड्या हाकणाऱ्याला विचारावं. चार बैल एका दमात चालवणं अवघड, तिथे शेकडो. उतारावर तर ओढण्यापेक्षा रोखण्याला जास्त माणसं लागली असणार. तिच्याबरोबर निघालेली कडक बिजली नावाची तोफ नदीत बुडाली अशी आख्यायिका आहे. मुलूखमैदान मात्र पोचली आणि आज विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपलाही लेख कोरवला.

एवढ्या वजनानेच पुढे तिला वाचवलं. इंग्रजांच्या मुंबई सरकारला ती इंग्लंडच्या राजाकडे पाठवायची होती, पण रस्ते तिचा भार पेलतील असे नव्हते. ही नोंद मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफची. १८४८मध्ये सातारचं राज्य खालसा झालं आणि विजापूर ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं. १८५४ साली निकामी सामानाबरोबर तिचाही लिलाव पुकारला गेला. बोली आली १५० रुपयांची. एका इंग्रज अधिकाऱ्याला ती फारच कमी वाटली, शिवाय लोक तिला मानतात हेही त्याच्या कानावर होतं, म्हणून सौदा रद्द झाला. नाहीतर ती फोडून भंगारात गेली असती. ज्यांच्यावर बोली लावणारा सहज मिळाला अशा किती तोफा त्या काळात वितळल्या, याचा विचार केला की पोटात कालवतं.

आणि तो काळ संपलेला नाही. राजाचं नाव नसलेल्या, आख्यायिका नसलेल्या, पाचदहा फुटांच्या तोफा आजही किल्ल्याकिल्ल्यांवर गवतात पडून आहेत. परंड्याच्या बुरुजांवर अजून ओतीव तोफा आहेत, पुष्कळ तोफगोळेही आहेत. रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगनर यांच्या २०१४च्या पुस्तकाने दाखवून दिलं की सोळाव्या शतकाच्या मध्यापासून दख्खनच्या कारागिरांनी बुरुजावरची मोठी तोफ लोखंडी दुबेळक्यावर बसवून चौफेर फिरती केली, आणि बुरूजच त्या तोफेभोवती बांधले. म्हणजे तोफेइतकाच बुरुजातला खुंटा आणि त्याभोवतीचं जोतं महत्त्वाचं. पण डागडुजीत तोफ बाजूला सरकवली जाते, जुना खुंटा उपटला जातो, फरशी नवी होते आणि तोफ प्रवेशद्वाराजवळ शोभेला ठेवली जाते. तोफ वाचते, पण ती चालायची कशी हे सांगणारी एकमेव जागा पुसून जाते. हे नुकसान फोटोत दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही होत नाही.

लोखंडी तोफांचं दुखणं वेगळं. हौसेने त्यांना सिमेंटच्या ओट्यात अर्धं गाडलं जातं. खाली ओल साठते, गंज आतून पोखरतो आणि वरून दिलेला चकचकीत काळा रंग तो झाकून टाकतो. चारपाच पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. तोफेच्या तोंडात पाण्याच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या कोंबल्या की उरलेलं पाणीही बाहेर पडत नाही.

सह्याद्री प्रतिष्ठानच्या दुर्गसेवकांनी अनेक किल्ल्यांवर तोफांना सागवानी तोफगाडे करून दिले, हे मोठं काम आहे. मातीत रुतलेली तोफ गाड्यावर चढली की गावातली माणसंही तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. मात्र गाडा देताना पुरातत्त्व विभागाचा माणूस सोबत हवा. कारण बुरुजावर दुबेळक्यात फिरणाऱ्या तोफेला चाकं लावणं चुकीचं, आणि मैदानी तोफेला ओट्यावर बसवणंही चुकीचं. गाड्याला दर उन्हाळ्यात तेलपाणी लागतं, त्याची जबाबदारी कुणाची हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवायला हवं.

ईट, भूम, परंड्याच्या शाळांना एक काम सहज जमेल. तोफेची लांबी, तोंडाचा आतला-बाहेरचा व्यास, कानाची जागा, अंगावरची अक्षरं, ती कुठल्या बुरुजावर कुठे तोंड करून आहे, हे सगळं वहीत उतरवायचं आणि टिचकीचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवायचा. अक्षरांवर खडू किंवा चुना मात्र फासायचा नाही. तिरपा उजेड टाकून फोटो घेतला की ती उठून दिसतात. आणि तोफ जिथे असेल तिथे तिचं तोंड मागच्या बाजूपेक्षा दोन बोटं खाली ठेवावं, म्हणजे नळ्यात पाणी थांबत नाही.