कॅरव्हॅन घेताना आधी खाली वाका

ऑस्ट्रेलियात कॅरव्हॅन बघायला आलेली मंडळी बहुधा थेट आत शिरतात आणि पलंग, ओटा, फ्रिज न्याहाळतात. जाणकार आधी खाली वाकून चासी बघतो.

डांबरी रस्त्याने किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं असेल तर साधी, हलकी कॅरव्हॅन पुरते. देशाच्या वायव्येकडच्या किंबर्ली भागातल्या सुमारे ६६० किलोमीटरच्या गिब रिव्हर रोडवर मात्र तिचा निभाव लागणं कठीण. कच्च्या रस्त्यावरच्या आडव्या लाटांनी स्क्रू सैल होतात, कपाटं उघडतात, फटीफटींतून लाल धूळ आत शिरते. म्हणून खऱ्या ऑफ-रोड कॅरव्हॅनला भक्कम चासी, जमिनीपासून जास्त उंची, बहुधा प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आणि सगळ्या दिशांना वळणारं कपलिंग असतं. नुसत्या जाड टायरांवर आणि स्टिकरवर भाळू नये.

वजनाचा हिशोब कागदावरच करावा. कॅरव्हॅनवरच्या माहितीच्या प्लेटवर कमाल वजन २,८०० किलो आणि रिकामी कॅरव्हॅन २,४०० किलोची असेल, तर सामानाला उरतात ४००. शंभर-शंभर लिटरच्या पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की त्यातले निम्मे गेलेच!

जुनी घेताना खिडक्यांखाली, कोपऱ्यांत बोटाने दाबून बघावं. भिंत मऊ लागली तर पाणी मुरल्याची शंका घ्यावी. टायरवरचे उत्पादनाच्या तारखेचे चार आकडेही वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं.