क्विक सेटिंग्ज आणि संगीत-नियंत्रणांची बदलती रचना : एकोडीसारख्या गावातील वापरकर्त्याच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे मोबाइल फोन ग्रामीण जीवनाचा अविभाज्य घटक बनला आहे. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, बँकेचे व्यवहार आणि करमणूक या सर्व गरजा आज एकाच उपकरणावर भागविल्या जातात. या उपकरणाचे दोन भाग दिवसभरात वारंवार हाताळले जातात. पहिला म्हणजे पडद्याच्या कडेवरून बोट ओढताच उघडणारा क्विक सेटिंग्जचा फलक. दुसरा म्हणजे गाणे सुरू करणे, थांबविणे किंवा पुढे नेणे यांसाठी असलेली संगीत-नियंत्रणे. गेल्या काही वर्षांत या दोन्हींची रचना अनेकदा बदलली आणि प्रत्येक बदलाबरोबर वापरकर्ते व रचनाकार यांच्यात मतभेद झाले. या मतभेदांच्या चर्चेत बहुधा कोरड्या हातांचा, सहज वाचणारा आणि स्वतःचा स्वतंत्र फोन असलेला शहरी वापरकर्ता गृहीत धरला जातो. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी हे धान पिकविणाऱ्या पट्ट्यातील गाव आहे. अशा गावातील वापरकर्त्याच्या बाजूने पाहिल्यास या प्रश्नाचे स्वरूप बदलते. त्या दृष्टीने रचनाबदलांचे गुणदोष स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रचनेतील बदलांचा आढावा :

अँड्रॉइड प्रणालीत क्विक सेटिंग्जचा फलक २०१२ मध्ये ४.२ या आवृत्तीबरोबर आला. २०१४ च्या ५.० आवृत्तीत मराठीचा प्रणालीच्या भाषांमध्ये समावेश झाला. २०१६ च्या ७.० आवृत्तीने फलकावरील चौकोनांचा क्रम बदलण्याची सोय दिली आणि इतर ॲपनाही आपले चौकोन तेथे ठेवण्याची मुभा दिली. २०२० मध्ये अँड्रॉइड ११ ने संगीत-नियंत्रणे सूचनांच्या यादीतून काढून क्विक सेटिंग्जच्या शेजारी नेली. २०२१ च्या अँड्रॉइड १२ ने आणखी मोठा बदल केला. गुगलच्या पिक्सेल फोनवर पहिल्या ओढीत पूर्वी सहा लहान चिन्हे दिसत, त्यांच्या जागी नावासह चार मोठी बटणे आली. वाय-फाय आणि मोबाइल डेटा यांची स्वतंत्र बटणे जाऊन ‘इंटरनेट’ हे एकच बटण आले.

ॲपलच्या आयफोनमध्ये २०१३ साली आयओएस ७ बरोबर कंट्रोल सेंटर आले. २०१६ च्या आयओएस १० मध्ये संगीत-नियंत्रणे त्याच्या दुसऱ्या पानावर गेली. २०१७ च्या आयओएस ११ मध्ये सर्व नियंत्रणे पुन्हा एका पानावर आली आणि २०२४ च्या आयओएस १८ मध्ये पुन्हा अनेक पानांची रचना स्वीकारण्यात आली. संगीताला वेगळे पान असावे की नसावे, या एकाच प्रश्नाचे एकाच कंपनीने आठ वर्षांत तीन वेळा वेगळे उत्तर दिले. यावरून या वादाचा अंतिम निकाल लागलेला नाही, हे स्पष्ट होते.

सैद्धांतिक आधार :

रचनाबदलाचे मूल्यमापन करण्यासाठी दोन जुने सिद्धांत उपयुक्त ठरतात. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, लक्ष्य जितके मोठे आणि जितके जवळ, तितका तेथे पोहोचण्यास लागणारा वेळ कमी होतो. विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखविले की पर्यायांची संख्या वाढली की निर्णयाला लागणारा वेळही वाढतो. या दोन नियमांच्या आधारे मोठी व मोजकी बटणे ही सुधारणाच ठरते.

तथापि या नियमांच्या कक्षेत न येणारा तिसरा घटक सवयीचा आहे. एखादे बटण शेकडो वेळा दाबल्यानंतर माणूस ते शोधत नाही. त्याचा अंगठा आपोआप त्या जागी जातो. घरातील विजेचे बटण अंधारात हाताला सापडते, त्यातलाच हा प्रकार आहे. बटणाची जागा बदलली की हे कमावलेले ज्ञान निरुपयोगी होते आणि वापरकर्त्याला पुन्हा वाचून, पाहून बटण शोधावे लागते. ज्याला वाचणे सहज जमते त्याचे नुकसान दोन-चार दिवसांचे असते. जो चिन्हाच्या जागेवरच विसंबून असतो, त्याला मात्र सर्व काही नव्याने शिकावे लागते.

पक्ष आणि प्रतिपक्ष :

‘इंटरनेट’ या एकत्रित बटणाच्या समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. अनेक जण वाय-फाय बंद करतात, पुन्हा सुरू करण्यास विसरतात आणि नकळत मोबाइल डेटा खर्च होत राहतो. दोन्ही जोडण्या एकाच ठिकाणी दिसल्यास ही चूक टळते. विरोधकांच्या मते, जे काम पूर्वी एका स्पर्शात होत असे त्याला आता किमान दोन स्पर्श लागतात. ज्या घरी वाय-फाय मुळातच नाही आणि दिवसाला ठरावीक डेटा देणाऱ्या रिचार्जवर सर्व व्यवहार चालतो, तेथे मोबाइल डेटा बंद-चालू करणे हे रोजचे काम आहे. जी चूक त्या घरी घडतच नाही, तिच्या निवारणासाठी त्या घराने रोज एक जादा स्पर्श मोजावा, असा हा व्यवहार आहे.

दुसरा वाद बटणाच्या अर्थाविषयी आहे. आयओएस ११ पासून कंट्रोल सेंटरमधील वाय-फायचे बटण दाबल्यावर वाय-फाय पूर्णपणे बंद होत नाही. चालू जोडणी फक्त तुटते. वापरकर्ता दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर किंवा पहाटे पाच वाजता फोन स्वतःहून पुन्हा जोडला जाऊ शकतो. घड्याळासारखी जोडलेली साधने सुरू राहावीत, हा त्यामागील हेतू आहे. परंतु बटण मावळलेले दिसत असताना यंत्रणा आत चालू राहणे दिशाभूल करणारे आहे, अशी टीका इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये केली होती. बटणाची जागा बदलली तर ते शोधता येते. अर्थ बदलला तर बदल झाल्याचे कळतही नाही. म्हणून दुसरा बदल अधिक गंभीर मानला पाहिजे.

ग्रामीण वापराचे विशेष :

एकोडीसारख्या गावाच्या संदर्भात पुढील चार बाबी विचारात घ्याव्या लागतात.

१) ओले हात : आजच्या स्मार्टफोनचा पडदा बोटामुळे विद्युत क्षेत्रात होणारा बदल ओळखून स्पर्श जाणतो. पाणीही वीजवाहक असल्याने ओल्या पडद्यावर नको तेथे स्पर्श नोंदला जातो किंवा मुळीच नोंदला जात नाही. पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरलेल्या माणसाचे हात चिखलाने व पाण्याने भरलेले असतात. धुऱ्यावर ठेवलेल्या फोनवरील गाणे थांबवायला गेलेले बोट शेजारच्या बटणावर पडले आणि ते विमान मोडचे असले, तर फोन गप्प होतो. येणारे फोन लागत नाहीत आणि ते लागत नसल्याचे धारकाला समजतही नाही. आजारी माणूस घरी असलेल्या कुटुंबाला ही केवळ गैरसोय म्हणता येणार नाही.

२) लिपी आणि चिन्हे : बटणाखाली नाव असणे हे साक्षरासाठी साहाय्य आहे. देवनागरीत मात्र मात्रा व वेलांट्या ओळीच्या वर आणि उकार ओळीच्या खाली येतात, त्यामुळे तिला अधिक उभी जागा लागते. जागा अपुरी ठेवली की अक्षर बारीक होते किंवा नाव अर्धवट तुटते. त्रिकोण आणि दोन उभ्या रेघा ही संगीताची चिन्हे टेपरेकॉर्डरच्या काळापासून परिचित आहेत. त्यांना अक्षरांची गरज भासत नाही. ‘इंटरनेट’ या एका चिन्हात दोन जोडण्या सामावल्या की ते चिन्ह तितके बोलके राहत नाही.

३) सामाईक फोन : अनेक घरांत एकच फोन अनेकांच्या हाती फिरतो. मुलाने आपल्या सोयीने बटणांचा क्रम लावला की आईचा टॉर्च हरवतो. मांडणी बदलण्याचे स्वातंत्र्य हे एका फोनला एकच धारक असल्याचे गृहीत धरते.

४) बदलाची वेळ : स्वस्त फोनवर नवी आवृत्ती उशिरा येते किंवा येतच नाही. त्यामुळे अनेकांना रचनाबदल भेटतो तो नवा, बहुधा दुसऱ्या कंपनीचा फोन घेतल्यावर. अशा वेळी अनेक वर्षांचे बदल एकदम समोर येतात.

परिचित ज्ञानावर आधारलेल्या रचनेचे उदाहरण :

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प केंद्रात विकसित झालेला ‘स्वरचक्र’ हा भारतीय भाषांचा कळफलक येथे उद्बोधक ठरतो. त्यातील व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती बाराखडीतील स्वरयुक्त रूपांचे चक्र उघडते. शाळेत पाठ केलेली बाराखडी हीच या रचनेची किल्ली आहे. वापरकर्त्याजवळ आधीपासून असलेले ज्ञान हे भांडवल मानून त्यावर नवी रचना उभारता येते, हे यातून दिसते. क्विक सेटिंग्जच्या बाबतीत असे भांडवल म्हणजे अंगठ्याला माहीत असलेली जागा होय.

उपाययोजना :

१) नव्या रचनेबरोबर जुनी रचना निवडण्याचा पर्याय असावा. शाओमीच्या मीयूआय १२ मध्ये २०२० साली आणि सॅमसंगच्या वन यूआय ७ मध्ये २०२५ साली सूचना व नियंत्रणे वेगळी करण्यात आली, तेव्हा पूर्वीच्या पद्धतीकडे परतण्याची सोय ठेवलेली होती. हा पायंडा स्वागतार्ह आहे.

२) फोनचा संपर्क तोडणारे बटण संगीत-नियंत्रणांना लागून नसावे.

३) टॉर्च, मोबाइल डेटा आणि आवाज यांसारख्या मूलभूत नियंत्रणांच्या जागा आवृत्ती बदलली तरी स्थिर राहाव्यात.

४) बटणाचा अर्थ बदलल्यास पहिल्या वापराच्या वेळी तशी सूचना मराठीत आणि शक्य तर आवाजातही द्यावी.

५) संगीतासाठी प्रत्यक्ष कळीचा उपयोग करावा. तारेच्या इअरफोनवरील कळ साधारणतः एकदा दाबल्यास गाणे थांबते व दोनदा दाबल्यास पुढचे लागते. ती ओल्या बोटालाही दाद देते आणि सॉफ्टवेअर बदलले तरी तिची जागा हलत नाही. घरातील तरुणांनी वडीलधाऱ्यांना ही सोय दाखवून दिली, तर कोणत्याही कंपनीच्या निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

निष्कर्ष :

मोठी बटणे, स्पष्ट नावे आणि मोजके पर्याय हे अलीकडील बदलांचे खरे गुण आहेत. ओल्या हातांना आणि मंद दृष्टीलाही त्यांचा लाभ होतो. म्हणून प्रत्येक बदलाला विरोध करणे योग्य ठरणार नाही. परंतु बदलाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. जो कमी वाचतो, ज्याचा फोन सामाईक आहे आणि ज्याचे हात कामात गुंतलेले आहेत, त्याला ती सर्वाधिक मोजावी लागते. आणि रचनेविषयीच्या चर्चेत त्याचाच आवाज सर्वांत कमी ऐकू येतो. नवी रचना कार्यालयातील टेबलावर कशी दिसते याबरोबरच ती रोवणीच्या बांधीत कशी चालते, याचीही परीक्षा झाली पाहिजे. तेथे जी रचना टिकेल, ती शहरातील वापरकर्त्यालाही सोयीचीच वाटेल.