पुरस्कार सोहळा : निवडतं कोण, खर्च कोणाचा, बघतं कोण?

टीव्हीवर फिल्मी पुरस्कारांचा कार्यक्रम लागला की आपण कपडे, नाच आणि विनोद बघत बसतो. पण कुठलाही पुरस्कार नीट समजून घ्यायचा असेल तर तीन प्रश्न विचारावेत. विजेता कोण निवडतं? खर्च कोण करतं? आणि सोहळा दिसतो कोणाला? सत्तर वर्षांपूर्वीचे तीन सोहळे घेऊन आपण ही उत्तरं शोधू.

पहिला सोहळा : ऑस्कर, १९ मार्च १९५३

ऑस्करची सुरुवात १९२९ सालची. विजेते निवडतात ते अकादमीचे सभासद, म्हणजे सिनेमाच्या धंद्यातलीच माणसं. १९५० च्या सुमारास अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला आणि थिएटरं ओस पडू लागली. त्यामुळे सिनेमा कंपन्या टीव्हीला शत्रूच मानत. १९५३ साली तर काही कंपन्यांनी सोहळ्याच्या खर्चातून अंग काढून घेतलं. मग एनबीसीने एक लाख डॉलर देऊन प्रक्षेपणाचे हक्क घेतले. गंमत बघा, ज्याची धास्ती घेतली होती त्याच टीव्हीच्या पैशावर सोहळा तरला!

त्या रात्री ऑस्कर पहिल्यांदा टीव्हीवर दिसलं. हॉलिवूड आणि न्यूयॉर्क अशा दोन शहरांत एकाच वेळी कार्यक्रम झाला. हॉलिवूडच्या मंचावर सूत्रसंचालक होते बॉब होप, तर सर्वोत्कृष्ट अभिनेत्री शर्ली बूथ यांनी बक्षीस घेतलं न्यूयॉर्कमध्ये.

दुसरा सोहळा : मुंबई, २१ मार्च १९५४

बरोबर एक वर्ष आणि दोन दिवसांनी धोबी तलावच्या मेट्रो थिएटरात पहिले फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले. हे थिएटर १९३८ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर या हॉलिवूडच्याच कंपनीने बांधलेलं. पुरस्कारांना तेव्हा 'क्लेअर्स' म्हणत, टाइम्स ऑफ इंडियाच्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून. बाहुली घडवली शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी.

पुरस्कार फक्त पाच होते. 'दो बिघा जमीन' सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि त्याचे बिमल रॉय सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले. अभिनयासाठी दिलीपकुमार आणि मीनाकुमारी, संगीतासाठी नौशाद. निवड झाली मासिकाच्या वाचकांच्या मतांवरून. पण मत देणाऱ्यांना सोहळा घरबसल्या कुठून दिसणार? दिल्लीत टीव्ही आला १९५९ मध्ये आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. मनोरी असो की मालाड, बातमी कळणार ती छापून आल्यावर किंवा कोणी सांगितल्यावर.

तिसरा सोहळा : दिल्ली, १० ऑक्टोबर १९५४

हे पहिले राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार. इथे निवड सरकारने नेमलेल्या समितीची. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' या मराठी चित्रपटाला. 'दो बिघा जमीन'ला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं.

म्हणजे एकाच वर्षात दोन 'सर्वोत्कृष्ट' चित्रपट! मग खरा कोणता? प्रश्नच थोडा चुकतोय. फिल्मफेअरचा तो पुरस्कार हिंदी चित्रपटांसाठी होता, तिथे 'श्यामची आई' शर्यतीतच नव्हती. दिल्लीत सगळ्या भारतीय भाषा एका रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा मराठी चित्रपट पुढे आला. निवडणारे बदलले, नियम बदलले, की निकालही बदलतो. यात लबाडी असतेच असं नाही. म्हणून निकालाआधी नियम वाचायचे. आणि एखाद्या चित्रपटाला बक्षीस नाही म्हणून तो कमी, असंही समजायचं नाही.

उपक्रम : वर्गात पाच पुस्तकांची यादी करा. आधी सगळ्यांनी चिठ्ठीवर मत द्यायचं. मग पाच जणांच्या समितीने चर्चा करून निवड करायची. दोन्ही निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि ते वेगळे आले तर का आले, हे आठ-दहा ओळींत वहीत लिहून आणा.