‘पिशवी’ काढावी कीं ठेवावी?

लेखाचें शीर्षक वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळावर आठी पडेल, हें आम्ही जाणतों. ज्या विषयावर सासू सुनेशीं खालच्या आवाजांत बोलते आणि पुरुषमाणूस आलें कीं दोघीहि गप्प होतात, त्यावर एका निवृत्त शाळामास्तरानें लेखणी चालवावी हें विचित्र खरें. परंतु चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील तिसावा अध्याय ज्यांनीं उघडून पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे कीं, तेथें स्त्रियांच्या वीस योनिव्यापदांचीं लक्षणें व त्यांवरील उपचार आचार्यांनीं जराहि न अडखळतां सांगितले आहेत. त्यांना जो संकोच वाटला नाहीं, तो आम्हांस कां वाटावा? शिवाय आम्ही राहतों तें केज हें गांव बीड जिल्ह्यांत आहे, आणि या जिल्ह्याचें नांव 2019 सालीं साऱ्या देशांत गाजलें तें याच एका शस्त्रक्रियेमुळें.

आधीं घरचें सांगतों. आमची धाकटी भावजय स्वभावानें सोशीक. 2017 च्या सुमारास दर महिन्याला तिचें ओटीपोट दुखूं लागलें. पुढें पाळीचे चार दिवस आठांवर गेले, आणि अंगावरून इतकें जाई कीं दुपारीं माजघरांत चटई टाकून आडवें झाल्याशिवाय तिला चालत नसे. घरांत माणसें अकरा. कोणीं विचारलें तर ‘पित्त झालें आहे’ हें ठरलेलें उत्तर. आमच्या भागांत भाद्रपदांत महालक्ष्म्या बसतात. त्या तीन दिवसांइतकें सोवळें आमच्या घरीं वर्षांत दुसऱ्या कोणत्याहि दिवसाला नसतें. तेव्हां अडचण नको म्हणून पाळी पुढें ढकलण्याच्या गोळ्या ती दरवर्षीं दुकानांतून आणवून घेई. तिला त्या घ्यावयास कोणीं लावलें असें नाहीं, पण नको असेंहि कोणीं म्हटलें नाहीं. आणि त्या ‘कोणीं’मध्यें आम्हीहि होतों. त्या गोळ्यांनीं हें दुखणें जडलें असें डॉक्टर म्हणत नाहींत. परंतु चार वर्षें गोळ्या आणल्या गेल्या आणि डॉक्टरास एकदांहि दाखवलें गेलें नाहीं, हा दोष आमच्या घराचा आहे.

2021 च्या उन्हाळ्यांत ती स्वयंपाकघरांतच घेरी येऊन पडली. बंधु तिला घेऊन एका खाजगी दवाखान्यांत गेले. सोनोग्राफी झाली आणि दहा मिनिटांत निकाल लागला. “दोन मुलें झालीं, चाळिशी उलटली, आतां पिशवीचा उपयोग काय? ठेवलीत तर कॅन्सर होईल. सोमवारीं घेऊन या.” कॅन्सर हा शब्द असा आहे कीं तो कानीं पडल्यावर घरांतला शहाणा माणूसहि पुढें कांहीं विचारीत नाहीं. बंधूंनीं पैशांची जुळवाजुळव सुरू केली. तेव्हां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “विहीर खणायची म्हटलें तरी तुम्ही दोघां-तिघां पाणाड्यांना विचारतां. येथें एकाच्याच शब्दावर चाललां?”

आमच्याकडे धुणें-भांडीं करण्यास येणारी बाई हें ऐकत होती. पूर्वी ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात असे. राख हातांत तशीच ठेवून ती म्हणाली, “माझी बी पिशवी काढली गुरुजी, सत्ताविसाव्या वर्षी. मलाबी असंच म्हनले व्हते, कॅन्सर व्हतो म्हनून.”

ऊसतोडीचा व्यवहार परगांवच्या वाचकांस माहीत नसेल. दिवाळीच्या आगेंमागें आमच्या जिल्ह्यांतून लाखों मजूर पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊस तोडण्यास जातात. मुकादम आधीं उचल देतो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एका दिवसाचा खाडा झाला तर पांचशें रुपयांपर्यंत दंड उचलींतून वळता होतो. फडावर न्हाणीघर नाहीं, शौचालय नाहीं, स्वच्छ पाण्याचा ठिकाणा नाहीं. अशा ठिकाणीं मोळ्या वाहणाऱ्या बाईस जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरें जातें, कंबर धरते. हें दुखणें बहुधा औषधानें बरें होणारें. पण औषधाला दिवस लागतात, आणि दर महिन्याची पाळी म्हणजे दर महिन्याचा खाडा. तेव्हां ‘एकदां काढून टाका’ हा सल्ला डॉक्टरानें द्यावा, आणि बाईनें कर्ज काढून तो मानावा, अशी रीतच पडली.

2019 च्या एप्रिलमध्यें वृत्तपत्रांतून याचा बोभाटा झाला. जूनमध्यें विधिमंडळांत मागील तीन वर्षांचा आंकडा सांगण्यांत आला: एका बीड जिल्ह्यांत 4,605 शस्त्रक्रिया. पुढें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं शासनानें समिती नेमली. जिल्ह्यांतील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं 13,861 जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें, म्हणजे दर सहांत एकीचें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें 2015-16 मध्यें 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांत हें प्रमाण शंभरांत सुमारें तीन होतें. आम्ही आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकवलें. हें त्रैराशिक मांडून दाखवण्याची गरज नाहीं. त्याच वर्षीं जिल्ह्यांतील खाजगी रुग्णालयांस अशा शस्त्रक्रियेपूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यांत आली.

हें सर्व वर्तमानपत्रांत वाचतांना आम्हांस तें ‘त्या बायकांचें’ दुःख वाटलें होतें. तेंच वाक्य, तीच सोमवारची घाई आपल्या माजघरापर्यंत येईल, अशी कल्पना नव्हती.

सोमवारीं भावजय त्या दवाखान्यांत गेली नाहीं. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे, तेथें गेली. तेथील डॉक्टरीणबाईंनीं पहिली गोष्ट केली ती ही कीं, बंधूंस बाहेर बसवलें. किती दिवस जातें, गांठी पडतात कां, दुखणें पाळीपुरतेंच कीं एरवींहि, कोणतें काम आतां करवत नाहीं, हें सर्व तिच्याच तोंडून ऐकलें. मग तपासण्या. हिमोग्लोबिन अवघें सात. गर्भाशयाच्या मुखाची पॅप तपासणी केली, आंतील अस्तराचा तुकडा तपासणीस पाठवला. कॅन्सर कोठेंहि नव्हता. दुखण्याचें नांव ॲडिनोमायोसिस. गर्भाशयाचें आंतील अस्तर त्याच्या स्नायूंच्या भिंतींत शिरून वाढतें, भिंत सुजते, पाळीच्या वेळीं कळा येतात आणि रक्त थांबत नाहीं. पाळी कायमची गेली कीं हा विकार बहुधा आपोआप निवतो. म्हणजे प्रश्न होता तो मधलीं चार-पांच वर्षें निभावण्याचा.

बाईंनीं सांगितलेलें आम्हांस सर्वांत मोलाचें वाटलें तें हें कीं, गर्भाशय काढणें हा शेवटचा उपाय आहे. पहिला नव्हे, आणि निषिद्धहि नव्हे. त्याआधीं लोह देऊन रक्त भरून काढतां येतें, रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या गोळ्या आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. तांबीसारखीच दिसणारी पण आंतून थोडें थोडें संप्रेरक सोडणारी ‘मिरेना’ बसवली तर ती पांच वर्षें व त्याहूनहि अधिक काळ काम देते. कोणाच्या गर्भाशयांत नुसती फायब्रॉइडची गांठ असेल, तर पुष्कळदां तेवढीच काढतां येते. कॅन्सर सिद्ध झालेला असेल तर गोष्ट निराळी. पण ‘होईल’ या भयानें निरोगी गर्भाशय काढणें हें वैद्यक नव्हे.

आणि काढावेंच लागलें तर बीजकोशांचें काय, हा प्रश्न बाईनें स्वतः डॉक्टरास विचारलाच पाहिजे. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंचे हे बीजकोश पाळी थांबेपर्यंत जें संप्रेरक स्रवतात, त्यावर हाडांची बळकटी आणि हृदयाचें स्वास्थ्य अवलंबून असतें. ते तरुणपणीं काढले तर एका रात्रींत म्हातारपण येतें: अंगाची आग, घाम, झोप नाहीं, पुढें हाडें ठिसूळ. गर्भाशय गेल्याचें सर्वांस कळतें. बीजकोश गेले कीं राहिले, हें पुष्कळ बायकांस स्वतःलाहि ठाऊक नसतें.

भावजयीनें मिरेना बसवून घेतली. रक्त जाणें निम्म्यावर आलें, चेहऱ्यावर रंग दिसूं लागला. पण कळा राहिल्या, आणि आठव्या महिन्यांत एका जोरदार पाळीबरोबर ती वस्तूच बाहेर पडली. कधीं कधीं असें होतें. पुन्हा बसवावी कीं गोळ्या घ्याव्यात यावर घरांत चर्चा सुरू झाली. बंधूंचें मत पडलें, आमचें पडलें, पुण्याहून नणंदेनें फोनवर आपलें मत दिलें. चौथ्या दिवशीं रात्रीं सर्वांचीं पानें वाढून झाल्यावर ती म्हणाली, “मला आतां काढून हवी आहे. पांच वर्षें मी वाट पाहिली. आतां मला कोणाचें भय वाटत नाहीं, म्हणून सांगतें.” तोपर्यंत तिचें मत कोणीं विचारलेंच नव्हतें, हें आमच्या त्या क्षणीं ध्यानांत आलें. ताटावरून कोणी उठलें नाहीं, पण जेवणहि फारसें गेलें नाहीं.

शिरेंतून लोह देऊन हिमोग्लोबिन अकरापर्यंत आणलें, आणि 2022 च्या मार्गशीर्षांत शस्त्रक्रिया झाली. ती योनिमार्गानें किंवा दुर्बिणीनेंहि होते; हिचें गर्भाशय फार सुजलेलें, म्हणून पोटावर आडवा छेद घेतला. दोन्ही बीजकोश ठेवले.

आतां पुढच्या सहा आठवड्यांविषयीं. दुसऱ्याच दिवशीं तिला चालवलें, कारण पडून राहिल्यानें पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचें भय असतें. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरावी, ही युक्ति नर्सबाईंनीं शिकवली. वायूनें पोट फुगणें, शौचास घट्ट होणें, तुरळक डाग दिसणें हें अपेक्षितच. परंतु ताप, दुर्गंधी स्राव, एकदम अधिक रक्त किंवा पोटरीला सूज आली तर तडक रुग्णालयांत यावें, अशी ताकीद होती. आमच्याकडील वडीलधाऱ्या बायकांनीं दूध, फळें, भाज्या सारेंच वर्ज्य करून नुसत्या मऊ भातावर तिला ठेवण्याचा बेत केला होता. तो डॉक्टरांनीं मोडला.

खरें पथ्य खाण्याचें नसून उचलण्याचें आहे. सहा आठवडे भरलेली बादली नाहीं, हंडा नाहीं, कुकर नाहीं, जमिनीवर उकिडवें बसून पुसणें नाहीं. पतिपत्नींनींहि तितकाच काळ संयम पाळावयाचा. आतां एकत्र कुटुंबांत माणसें अकरा असलीं तरी बादली उचलणारे हात नेहमीं तेच असतात. सौभाग्यवतींनीं कामांची यादी करून भिंतीस लावली. बंधूंकडे पाणी, आमच्याकडे भाजी चिरणें आणि दुपारचा चहा. चहा कसा होत असे, तें येथें लिहीत नाहीं. तरी तिसऱ्या आठवड्यांत, बरें वाटतें म्हणून, तिनें ओल्या कपड्यांची बादली उचललीच. रात्रीं दुखूं लागलें, रक्त दिसलें, पहाटे अंबाजोगाई गांठावी लागली. सुदैवानें टांके शाबूत होते. पांचव्या आठवड्यांत मात्र ती विनाकारण रडूं लागली. समाचारास येणारी प्रत्येक बाई ‘सुटलीस हो’ म्हणून जाई. त्यानें तिला अधिकच रडूं येई. मूल नको असलेल्या बाईसहि त्या अवयवाचा शोक होतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. तेव्हां तिच्याजवळ नुसतें बसून राहिली ती तिची थोरली मुलगी. तीन महिन्यांनीं भावजय पूर्वीसारखी हिंडूं-फिरूं लागली.

तिच्या शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनीं, 5 एप्रिल 2023 रोजीं, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीं केंद्र शासनानें 2022 मध्यें केलेलीं मार्गदर्शक तत्त्वें सर्व राज्यांनीं तीन महिन्यांत अंगीकारावींत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें दिला.

आमच्या भांडींवाल्या बाईची गोष्ट राहिली. तिचें वय आतां चाळिशीच्या घरांत. पण पाठ वाकली आहे, गुडघे धरतात, रात्रीं अंगाची आग होते. गेल्या महिन्यांत भावजयीनें तिला सहज विचारलें, “तुझे बीजकोश ठेवले आहेत कां?” तिला त्याचा अर्थच कळला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें ट्रंकेच्या तळाशीं जपून ठेवलेला पिवळा पडलेला कागद आणला. इंग्रजी आम्हांस वाचतां येतें. दोन्ही काढलेले होते. इतक्या लहान वयांत ते गेले तर बाईला पुढें पाळी जाण्याच्या स्वाभाविक वयापर्यंत संप्रेरकें देण्याचा विचार करावा लागतो, हाडें तपासावीं लागतात, कॅल्शियम द्यावें लागतें. त्यांतलें कांहींच तिला कोणीं सांगितलें नव्हतें.

येत्या मंगळवारीं भावजय तिला सकाळच्या एस. टी.नें अंबाजोगाईस घेऊन जाणार आहे. त्या दिवसाचा खाडा धरावयाचा नाहीं, हें सौभाग्यवतींनीं तिला दोनदां सांगितलें. तरी ती तिसऱ्यांदा विचारून गेली.