फारकतीच्या अटीवर

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल अद्याप बाल्यावस्थेत असताना, १८८४च्या हंगामात, प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाचा पिचर चार्ल्स रॅडबोर्न याने जे विजय मिळविले, त्यांची संख्या अधिकृत दप्तरात ५९ असून जुन्या गणनेत ती ६० भरते. आणि यांपैकी कोणताही आकडा प्रमाण मानला, तरी एका हंगामातील तो विक्रम आजतागायत अबाधित आहे. या पराक्रमाचे मूळ केवळ बाहुबळात शोधणाऱ्याला मात्र त्याचा अर्धाच उलगडा होईल. उरलेला अर्धा एका करारात आहे.

त्या काळी ‘राखीव कलमा’च्या आधारे मालक खेळाडूवरील आपला हक्क मुदत संपल्यावरही कायम ठेवीत, आणि त्यांच्या संमतीवाचून अन्य संघात जाण्याची मुभा खेळाडूला नसे. इलिनॉयमधील ब्लूमिंग्टन येथे वाढलेला हा खाटकाचा मुलगा मोठा मानी होता. तरुण सहकारी चार्ली स्वीनी याच्याशी चाललेल्या चुरशीच्या काळात, व्यवस्थापनाशी बिनसून, जुलैमध्ये तो निलंबित झाला. पण थोड्याच दिवसांत स्वीनीही भर सामन्यात हुज्जत घालून निघून गेला, आणि संघ मोडण्याची वेळ आली. तेव्हा रॅडबोर्नने उर्वरित हंगामाचा भार पत्करला, तो दोन अटींवर: वेतन वाढावे आणि हंगामाअखेर फारकत मिळावी.

त्यानंतर बहुधा दिवसाआड, पुष्कळदा लागोपाठ, तो चेंडू फेकीत राहिला. त्या वर्षी त्याने सुरू केलेले सर्व ७३ सामने स्वतःच पूर्ण केले आणि ४४१ फलंदाज ‘स्ट्राइकआउट’ केले. सकाळी केस विंचरण्यापुरताही हात वर जात नसे, असे सांगतात. संघ अजिंक्य ठरला, आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सविरुद्धचे तिन्ही सामनेही त्यानेच जिंकले.

फारकतीचा हक्क हाती येऊनही त्याने पुन्हा प्रॉव्हिडन्सशीच करार केला, यावरून त्याचा तंटा संघाशी नसून सक्तीशी होता, असे अनुमान निघते. आणि १८९० साली खेळाडूंनी मालकांविरुद्ध स्वतंत्र लीग उभारली, तेव्हा तोही तीत सामील झाला, ही गोष्ट त्या अनुमानाला पुष्टी देते. १८९७ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, तो निवर्तला. ज्या कलमातून सुटण्यासाठी त्याने आपला हात पणाला लावला, ते १९७५ साली लवादाच्या निर्णयाने निष्प्रभ झाले. आणि तो दावा लढविणारे मेसरस्मिथ व मॅकनॅली हे दोघेही पिचरच होते.