जाण्याआधी वाटून टाकणारा तारा

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात थोडी कुरबुर झाली. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईंनी ट्रंक उघडली आणि इरकली लुगडी, पाटल्या, तांब्याची भांडी लेकीसुनांना वाटायला सुरुवात केली. "आई, आत्ताच कशाला ही निरवानिरव?" मी म्हटलं. मला ते अशुभच वाटलं. माझ्या वाटणीचं लुगडं मी परत ट्रंकेत ठेवलं.

त्याच रात्री वीज गेली आणि आम्ही सगळे गच्चीवर जमलो. मी भूगोल शिकवते, म्हणून आकाश दाखवायचं काम माझ्याकडे. उत्तरेकडे हंस तारकासमूह दिसत होता. मुलांना म्हटलं, या हंसाच्या छातीजवळ, सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवर, चंद्रकोर तेजोमेघ आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. विल्यम हर्शल यांनी १७९२ मध्ये तो दुर्बिणीतून पाहिला. विस्तार सुमारे २५ प्रकाशवर्षं!

हा मेघ आला कुठून? त्याच्या आत एक महाकाय, उतारवयाचा तारा आहे. आपल्या सूर्याचं आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचं. असे भारी तारे मात्र काही दशलक्ष वर्षांतच संपतात. म्हातारपणी हा तारा फुगून लाल झाला, तेव्हा त्याचे बाहेरचे थर हळूहळू निघून गेले. मग उघड्या पडलेल्या तप्त गाभ्यातून सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाचा वारा सुटला. त्या वाऱ्याने आधीचा वायू गाठला, लोटला आणि त्याचं कवच झालं. ताऱ्याच्या अतिनील किरणांनी तेच कवच आता उजळलं आहे. १८६७ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत शार्ल वुल्फ आणि जॉर्ज राये यांना या जातीचे पहिले तीन तारे सापडले, तेही हंसातच. म्हणून यांना वुल्फ-राये तारे म्हणतात.

अशाच दुसऱ्या एका ताऱ्याचं, डब्ल्यूआर १२४चं, छायाचित्र जेम्स वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये घेतलं. त्याचं वस्तुमान सूर्याच्या तीसपट, आणि आजवर त्याने दहा सूर्यांइतकं द्रव्य बाहेर टाकलं आहे.

नातवंडांच्या गलक्यात सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. आता त्यांनी कानडीत विचारलं, "मुंदेनु?" पुढे काय?

मी सांगितलं, पुढे बहुधा स्फोट. गाभ्याचा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर होईल. पण दिलेला वायू आणि धूळ वाया जात नाही. ती इतर मेघांत मिसळते, त्यातून नवे तारे, नवे ग्रह घडतात. आपल्या श्वासातला ऑक्सिजन, हाडांतलं कॅल्शियम, हे सगळं जुन्या ताऱ्यांनीच केलेलं.

"मग स्फोटाची वाट न बघता आधीच देतो, ते बरंच की," त्या म्हणाल्या.

यावर मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक उघडून ते लुगडं मी मागून घेतलं. पाडव्याला तेच नेसले, तेव्हा निऱ्या त्यांनीच नीट करून दिल्या.