भूल बदलली, तर कर्करोगाची पुनरावृत्ती टळेल?

खास प्रतिनिधी, मुंबई

कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने पूर्णपणे काढली, तरी काही रुग्णांमध्ये हा आजार काही वर्षांनी पुन्हा डोके वर काढतो. शस्त्रक्रियेच्या वेळी काही पेशी गाठीपासून सुटून रक्तप्रवाहात शिरू शकतात. त्याच सुमारास शस्त्रक्रियेच्या ताणामुळे शरीराची प्रतिकारशक्तीही काही काळ मंदावते. या नाजूक अवस्थेत दिलेली भूल रुग्णाचे भवितव्य बदलू शकते काय, याचा शोध वैद्यकशास्त्र दीर्घकाळ घेत आहे.

या चर्चेला जोर आला तो २००६ मध्ये. डब्लिन येथे स्तनाच्या कर्करोगाच्या १२९ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासण्यात आल्या. संपूर्ण भुलीच्या जोडीला मणक्यालगतच्या नसा बधिर केलेल्या स्त्रियांपैकी ९४ टक्के तीन वर्षांनंतरही आजारमुक्त होत्या. संपूर्ण भूल व मॉर्फिन मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ७७ टक्के होते.

तथापि, जुन्या नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. त्यामुळे आठ देशांतील १३ रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी करून चाचणी घेण्यात आली. 'लॅन्सेट'मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी आशेवर पाणी फेरले. दोन्ही गटांत पुनरावृत्तीचे प्रमाण १० टक्केच आढळले.

त्यानंतर वेगळी दिशा दाखवली ती मुंबईने. टाटा स्मारक केंद्राचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांवर सुमारे १६०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. यात भुलीचा प्रकार बदलण्यात आला नव्हता. एका गटात गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेन टोचण्यात आले. दंतवैद्यही वापरतात तेच हे स्वस्त, परिचित औषध. पाच वर्षांनंतर या गटातील ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या. इंजेक्शन न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के. म्हणजे दर शंभर स्त्रियांमागे सुमारे चार जीव अधिक वाचले.

पेशींच्या आवरणातील सोडियमच्या मार्गिका लिग्नोकेन रोखते. कर्करोगाच्या पेशींना हालचाल व प्रसारासाठी याच मार्गिका साह्यभूत ठरतात, असे मानले जाते.

हा निष्कर्ष स्तनाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगापुरता आहे. अन्य कर्करोगांना तो सरसकट लागू होत नाही. भुलीची निवड हृदय, फुप्फुसे आणि शस्त्रक्रियेचे स्वरूप पाहूनच व्हावी लागते. त्यामुळे विशिष्ट भुलीच्या आग्रहापायी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे धोक्याचे ठरेल. लिग्नोकेनच्या इंजेक्शनविषयी मात्र रुग्णाने आपल्या शल्यचिकित्सकांना शस्त्रक्रियेपूर्वीच अवश्य विचारावे.